नाताळची सुट्टी आणि समुद्राचा तळ

पूर्वीं नाताळच्या सुट्टींत आमच्या शाळेंतील मुलें कोठें जात, असें कोणी विचारल्यास उत्तर ठरलेलें असे. कोणी आजोळीं बार्शीस, कोणी अक्कलकोटास, कोणी पंढरपुरास आणि बहुतेक सारीं घरींच. कारण सुट्टी संपते न संपते तोंच सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर येई, व तिच्यापुढें दुसऱ्या कोणत्याहि करमणुकीची मातबरी वाटत नसे. अलीकडे मात्र निराळाच प्रकार दिसूं लागला आहे. जानेवारींत वर्ग भरले म्हणजे कोणी ना कोणी विद्यार्थी मोठ्या ऐटीनें सांगतो कीं, आम्ही मालवणास गेलों होतों आणि समुद्राच्या तळाशीं जाऊन आलों! पुरावा म्हणून वडिलांच्या फोनमधील चलच्चित्रहि पुढें येतें. डोळ्यांवर मोठा काचेचा चष्मा, तोंडांत नळी, पाठीवर टाकी, भोंवतीं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका, आणि मध्यभागीं अंगठा व तर्जनी जुळवून 'सारें ठीक' अशी खूण करणारा आमचा विद्यार्थी.

ह्या छंदास 'स्कूबा डायव्हिंग' असें म्हणतात. स्कूबा हा कोणत्याहि भाषेंतील जुना शब्द नव्हे. पांच इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून तो बनविलेला आहे, आणि पाण्याखालीं श्वास घेण्याचें स्वयंपूर्ण साधन, एवढाच त्याचा अर्थ. पाणबुड्या हा शब्द मराठींत पूर्वींपासून आहे. परंतु आपला जुना पाणबुड्या छातींत मावेल तेवढाच वारा घेऊन खालीं जाई व तो संपण्यापूर्वीं वर येई. १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो ह्या नौदलांतील अधिकाऱ्यानें व एमिल गान्यां ह्या अभियंत्यानें मिळून एक यंत्र तयार केलें. श्वास ओढला कीं हवी तेवढीच हवा, आणि तीहि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची, हें यंत्र देतें. तेव्हांपासून माणूस समुद्राखालीं माशाच्या शेजारीं मोकळेपणानें हिंडूं लागला.

ह्या छंदाविषयीं पालकांत दोन तट पडलेले आम्हांस दिसतात. एक म्हणतो, हें सारें पैसेवाल्यांचें खूळ आहे; जिवाशीं खेळ करावयास शाळेंतल्या मुलांनीं समुद्रांत जावेंच कशाला? दुसरा म्हणतो, त्यांत भिण्यासारखें काय आहे? पोहतां येत नसलें तरी चालतें, धरून नेणारा माणूस बरोबर असतो, पंधरा-वीस मिनिटांत मूल वर येतें आणि जन्माची आठवण होते. आमच्या मतें ह्या दोघांचेंहि अर्धें बरोबर व अर्धें चूक आहे. मुलांनीं समुद्राखालीं जावें, अवश्य जावें; पण पोहतां येत नाहीं तोंवर जाऊं नये, आणि जावयाचें तें पाहण्यासाठीं जावें, स्वतःस दाखविण्यासाठीं नव्हे. हें मत पुष्कळांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. म्हणून जरा विस्तारानें लिहितों.

जावें असें आम्ही कां म्हणतों, तें प्रथम सांगतों. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेंतला. येथील मुलाला पाणी म्हणजे घागर, पिंप, टँकर आणि नळाला पाणी केव्हां येणार ह्याची घरांत चाललेली चर्चा. मोठें पाणी पाहावयाचें तर सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, एकोणिसाव्या शतकांत बांधलेला हिप्परग्याचा तलाव. आणि अलीकडचें म्हणजे १९८० सालीं पुरें झालेलें भीमेवरील उजनी धरण. पृथ्वीचा सुमारें ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखालीं आहे, हें आमचीं मुलें भूगोलाच्या तासाला घोकतात व परीक्षेंत बिनचूक लिहितात. परंतु त्या वाक्याचा अर्थ काय, हें ज्वारीच्या काळ्या रानांत उभें राहून कळणें कठीण. ज्या मुलानें एकदां तरी तें पाणी डोक्यावर घेऊन तळाकडून वर पाहिलें, त्याला तो आंकडा पुन्हां पाठ करावा लागणार नाहीं. शिक्षकाच्या दृष्टीनें हा लाभ लहान नव्हे.

आणि त्यासाठीं फार दूरहि जावयास नको. अंदमानांतील स्वराज द्वीप, ज्यास २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत, किंवा लक्षद्वीपांतील बेटें येथील पाणी अधिक नितळ आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु तेथील प्रवासखर्च आमच्या बहुतेक पालकांच्या आवांक्याबाहेरचा. मालवण त्या मानानें शेजारचें. सांगोला, मिरज, कोल्हापूर असें करीत फोंडाघाट उतरावा, कणकवलीवरून वळावें, कीं समुद्र आलाच. तेथेंहि बेट आहे, आणि साधें बेट नव्हे. मालवणच्या किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. सुमारें ४८ एकरांचा हा विस्तार. चोहोंकडे खारें पाणी आणि आंत मात्र दूधबाव, दहीबाव व साखरबाव ह्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. सोलापूरच्या मुलाला तोफांपेक्षां ह्या विहिरींचेंच नवल अधिक वाटावें!

पण किल्ल्याची खरी गंमत पाण्याखालीं आहे. सिंधुदुर्गाच्या सभोंवतीं समुद्रांत खडक पसरलेले आहेत. कांहीं डोकें वर काढलेले, कांहीं बुडालेले. परक्या गलबताच्या तांडेलास वाट ठाऊक नसेल तर तळ फुटलाच म्हणून समजावें. तटाच्या बाहेर निसर्गानेंच घातलेला हा दुसरा तट पाहूनच ती जागा निवडली, असें मानावयास हरकत नाहीं. आज ज्या खडकांवर आमचीं मुलें प्रवाळ व मासे पाहतात, ते हेच खडक. किल्ल्याच्या सावलींत पंधरा मिनिटें बुडी मारून, किल्ल्यांत पाऊलहि न टाकतां परत फिरणाऱ्या मंडळींविषयीं आम्हांस म्हणूनच खेद होतो. शत्रूला ज्यानें दूर ठेविलें तें पाण्याखालीं पाहावयाचें आणि ज्याचें रक्षण झालें तें पाण्यावरचें पाहावयाचें नाहीं, ही कसली सहल?

आतां जें पाहावयाचें, तें समजून पाहण्यासाठीं थोडी तयारी हवी. ती घरीं बसून होते व तिला पैसे पडत नाहींत. पाठीवरील टाकींत प्राणवायु असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं निम्म्यांनीं तरी तसें सांगितलें. तो समज चुकीचा आहे. टाकींत असते ती तुम्हीं-आम्हीं येथें घेतों तीच साधी हवा, गाळून आणि सुमारें दोनशेंपट दाबानें भरलेली. निव्वळ प्राणवायु साताठ मीटरांखालीं माणसास विषासमान होतो. दुसरी गोष्ट दाबाची. समुद्रसपाटीस वातावरणाचा जो दाब असतो, तितकाच आणखी दाब पाण्यांत दर दहा मीटरांस वाढतो. म्हणजे तोंड बांधलेला फुटबॉलचा फुगा दहा मीटर खालीं नेला तर निम्मा होईल. आणि तेथेंच तो भरून वर आणला तर दुप्पट होऊं पाहील व बहुधा फुटेल. आतां फुग्याच्या जागीं स्वतःचें फुप्फुस कल्पावें. टाकींतील हवा घेतल्यावर पाण्याखालीं श्वास कधींहि कोंडूं नये, हा पाणबुड्यांचा पहिला नियम कशासाठीं आहे, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं. कानाचेंहि तसेंच. खालीं जातांना कानांत दडे बसतात. नाक चिमटींत धरून हलकेच फुंकर मारली म्हणजे ते सुटतात. ज्याला सर्दी झाली आहे त्याचे सुटत नाहींत. हिंवाळ्याच्या दिवसांत हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे: नाक चोंदलेल्या मुलाला, पैसे आगाऊ भरले आहेत एवढ्यासाठीं पाण्यांत उतरविणें म्हणजे त्याच्या कानाशीं वैर करणें होय. दमा, फुप्फुसाचा अगर हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांस आधीं विचारावें, हेंहि ओघानें आलेंच.

आणखी कितीतरी मौजा आहेत. पाण्याखालीं वस्तु असते त्यापेक्षां सुमारें एकतृतीयांशानें मोठी भासते. तेव्हां 'हातभर मासा पाहिला' असें सांगणाऱ्यानें थोडा चाट द्यावा. खालीं खालीं जावें तसा प्रकाशांतील तांबडा रंग सर्वांआधीं नाहींसा होतो आणि लाल वस्तु मळकट काळसर दिसूं लागते. ध्वनि हवेपेक्षां चौपटीहून अधिक वेगानें धांवत असल्यामुळें होडीचें यंत्र कोणत्या बाजूस धडधडत आहे हें कानांस उमगत नाहीं. पदार्थविज्ञानाचें अर्धें पुस्तक तेथें पाण्यांत मिसळलेलें आहे. परंतु आमचा विद्यार्थी तेथून येतो तेव्हां त्याला विचारावें, तर तो म्हणतो, "भारी होतें!" आणि चलच्चित्र पुन्हां लावतो.

असो. आतां धोक्याविषयीं. विरोधी पालकांची भीति आम्हांस हास्यास्पद वाटत नाहीं. मात्र ती भलत्या जागीं आहे, असें आम्हांस वाटतें. गेल्या कांहीं वर्षांतील दुर्घटना पाहाव्यात. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील चौदा विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्यें खुद्द मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलींतील आठ जण गेले. मे २०२२ मध्यें तारकर्लीस बुडी मारून परत येणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली व दोघांस प्राणांस मुकावें लागलें. ह्यांपैकीं एकहि माणूस टाकी लावून समुद्राच्या तळाशीं असतांना गेलेला नाहीं. पहिल्या दोन ठिकाणीं तर मुलें किनाऱ्यावरच्या पाण्यांत खेळावयास उतरलीं होतीं. पाणबुड्याच्या हातांत असलेलें मूल अर्धा तास डोळ्यांआड होतें म्हणून आईचा जीव खालींवर होतो. आणि तेंच मूल संध्याकाळीं एकटें लाटांत धांवतें तेव्हां आई शहाळें पीत असते. आम्ही आयांस दोष देत नाहीं. पठारावरच्या माणसाला समुद्राची भाषा येत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

ती भाषा काय, हें एका उदाहरणानें सांगतों. किनाऱ्यावर आलेलें पाणी कोठून तरी परत जातेंच, आणि पुष्कळ वेळां तें एका अरुंद पट्ट्यांतून जोरानें समुद्राकडे ओढलें जातें. नवख्यास तो पट्टा सर्वांत शांत दिसतो, कारण तेथें लाट कमी फुटते. म्हणून तो नेमका तेथेंच उतरतो. ओढ लागली म्हणजे घाबरून तो सरळ किनाऱ्याकडे हात मारूं लागतो. पाण्याशीं झुंज कोण जिंकणार? चार मिनिटांत दमतो आणि संपतो. वास्तविक अशा वेळीं किनाऱ्याशीं समांतर पोहत बाजूस व्हावें. पट्टा अरुंद असल्यामुळें थोड्याच अंतरावर ओढ सुटते. तेंहि न साधल्यास उताणें तरंगत राहून हात वर करावा व हांका माराव्या. परंतु हें सारें कोणासाठीं? ज्याला तरंगतां येतें त्याच्यासाठीं. ज्याला तेंहि येत नाहीं, त्याला आमचा हा परिच्छेद पाठ असून काय उपयोग?

म्हणून आम्ही पुन्हां पोहण्यावर येतों. पोहतां येत नसलें तरी चालतें, असें किनाऱ्यावर सांगतात तें एका अर्थीं खरें आहे. पाणबुड्या टाकीला धरून पाहुण्यास खालीं नेतो व वर आणतो. पोहतां न येणारा पाहुणा म्हणजे त्याच्या हातांतलें एक गाठोडें. परंतु जेथें हा विषय रीतसर शिकवितात तेथें काय नियम आहे? 'पॅडी' ह्या जगप्रसिद्ध संस्थेचा पहिला दाखला हवा असल्यास उमेदवार निदान दहा वर्षांचा असावा लागतो. त्याला दोनशें मीटर न थांबतां पोहून दाखवावें लागतें आणि दहा मिनिटें पाण्यावर तरंगून राहावें लागतें. दाखल्याची बाब निराळी, आणि मौजेची बुडी निराळी, असें कोणी म्हणेल. आम्हीं म्हणतों, पाणी दोघांना एकच आहे. होडी उलटली, चष्म्यांत पाणी शिरलें, नळी तोंडांतून निसटली, तर ज्याला पाण्याची संवय आहे तो क्षणभर थांबून विचार करतो. ज्याला नाहीं तो हातपाय झाडून वांचवावयास आलेल्यासहि अडचणींत आणतो.

आमच्या जिल्ह्यांतील आजोबांच्या पिढीस हें सांगावें लागत नव्हतें. खेड्यांत विहीर होती. मुलाच्या कमरेला वाळलेला भोपळा अगर पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून काका अगर मामा त्याला खुशाल पाण्यांत ढकलून देत, आणि आठ दिवसांत डबा सुटे. त्या शिक्षणाला फी नव्हती. (रडणें मात्र पुष्कळ होतें, असें जुनीं माणसें सांगतात.) पुढें कुटुंबें शहरांत आलीं, विहिरी बुजल्या किंवा आटल्या, आणि शिकवण्यांच्या वेळापत्रकांत पोहण्यास जागाच उरली नाहीं. शहरांत पोहण्याचे तलाव झाले, पण तेथें जाणारीं मुलें थोडीं आणि मुली त्याहून थोड्या. ह्या शेवटल्या गोष्टीविषयीं आम्हांस स्पष्ट बोलावयाचें आहे. गणित, चित्रकला, नृत्य ह्यांसाठीं मुलीस पाठविणारे पालक पोहणें म्हटलें कीं केंस, रंग, कपडे आणि लोक ह्या चार अडचणी पुढें करतात. आणि तेच पालक सुट्टींत त्याच मुलीला टाकी बांधून समुद्रांत सोडावयास तयार होतात! तलावांतल्या चार फूट पाण्यांत जी लाज आडवी येते, ती समुद्राच्या पंचवीस फुटांत कोठें जाते? मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टींत पोहावयास घाला. मे महिन्यांत सोलापुरांत ह्याहून सुखाची शिक्षा दुसरी नाहीं.

येथवर माणसांचें झालें. पण तळाशीं जीं राहतात त्यांचाहि विचार करावयास हवा, कारण घर त्यांचें आहे. मालवणच्या समुद्रांतील २९.१२ चौरस किलोमीटरांचा भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्गाचा परिसर त्यांत येतो. तेथील खडकांवर प्रवाळ आहे. पोवळें म्हणून अंगठींत बसवितात तो दगड आमच्या मुलांस ठाऊक असतो. पण प्रवाळ हा दगडहि नव्हे आणि झाडहि नव्हे. टाचणीच्या डोक्याएवढ्या अगर थोड्या मोठ्या असंख्य प्राण्यांची ती वसाहत असते. हे जीव चुन्याचें घर बांधतात, आणि त्यांच्या अंगांत राहणारें सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांस पोसतें. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं ही भागीदारी मोडते, शेवाळ निघून जातें व प्रवाळ पांढरा पडतो. समुद्र तापत चालल्यामुळें हें संकट जगांत सर्वत्र आलें आहे. मालवणासहि तें चुकलेलें नाहीं. घुमटासारख्या आकाराचे कांहीं प्रवाळ वर्षाकांठीं जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या एका लाथेनें जो हातभर तुकडा निखळतो, तो त्याच्या वडिलांच्या जन्माआधींपासून वाढत आलेला असूं शकतो.

लाथ कोणी मुद्दाम मारीत नाहीं. ज्याला पाण्यांत तोल सांभाळतां येत नाहीं त्याचे पाय खालीं लोंबतात, रबरी पंख खडकावर घासतात, आणि घाबरलेला हात जें सांपडेल तें धरतो. पोहणें शिका असें आम्ही म्हणतों, त्याचें हें दुसरें कारण. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं २०२० सालीं एक निबंध प्रसिद्ध करून हौशी पाणबुड्यांच्या वर्दळीमुळें अभयारण्यांतील प्रवाळांस कशी इजा पोहोंचते, हें दाखविलें. ही नुसती हळहळ करण्याची बाब नव्हे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें प्रवाळास वाघाइतकेंच संरक्षण आहे. तुकडा आठवण म्हणून खिशांत टाकणें हा गुन्हा होय.

आणि ते पट्टेदार मासे? चित्रांत इतके जवळ येतात ते आमच्या विद्यार्थ्याच्या प्रेमानें येत नाहींत. पाण्यांत पाव किंवा बिस्किट चुरून टाकलेलें असतें म्हणून येतात. ह्या माशांचें काम खडकावरचें शेवाळ व बारीक जीव खाण्याचें. रोज आयता पाव मिळूं लागल्यावर तें काम कोण करील? शेवाळ माजतें आणि प्रवाळाला बसावयास जागा उरत नाहीं. शिवाय जो मासा माणसाभोंवतीं भिकाऱ्यासारखा घोटाळतो, त्याला पाहून समुद्राचें ज्ञान किती होणार? राणीच्या बागेंतील माकडाला शेंगा टाकूं नये, अशी पाटी आम्ही वाचतों व तिचा मान ठेवतों. समुद्रांत पाटी लावतां येत नाहीं, इतकाच फरक.

ह्याचा दोष एकट्या मालवणकरांच्या माथीं मारणें आम्हांस मान्य नाहीं. तेथील पुष्कळशा होड्या मच्छीमार कुटुंबांच्या आहेत. मासळी कमी झाली, रापणीवर पोट भरेना, तेव्हां तरुण मुलांनीं हा व्यवसाय धरला आणि त्यावर घरें चाललीं. पाहुणा म्हणतो, मासे जवळ आले पाहिजेत, चित्र झकास आलें पाहिजे, आणि शेजारच्यापेक्षां शंभर रुपये कमी घ्या. मग पाव येतो, घाई येते, आणि एका पाणबुड्यास दिवसांत अनेक फेऱ्या माराव्या लागतात. आपण मागणी बदलली तर माल बदलेल. होडींत पाय ठेवण्यापूर्वीं प्रत्येकास लाईफ जॅकेट आहे कीं नाहीं, होडींत माणसें प्रमाणाबाहेर नाहींत ना, पाणबुड्याजवळ दाखला आहे काय, हे तीन प्रश्न मोठ्यानें विचारावेत आणि चौथें वाक्य हें म्हणावें: "आम्हांला पाव नको, खडक दाखवा." पैसे तेवढेच द्यावेत, किंबहुना थोडे अधिक. तारकर्लीस राज्याच्या पर्यटन महामंडळानें हा विषय शिकविणारी संस्था काढलेली आहे, आणि २०२४ सालीं नौदलाच्या सेवेंतून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रांत बुडवून पाण्याखालील संग्रहालय करण्याचें ठरलें आहे. बुडालेल्या लोखंडावर नवखे पाय आपटले तर फारसें बिघडत नाहीं. तेव्हां प्रवाळांवरील गर्दीचा भार हलका करण्याचा हा मार्ग आम्हांस पसंत आहे.

एक बारीकशी गोष्ट राहिली. सोलापुराहून रात्रीं जीप भाडयानें करून निघावयाचें, पहांटे घाट उतरावयाचा, सकाळीं मिसळ खाऊन लागलीच पाण्यांत शिरावयाचें आणि दुपारीं देवदर्शन आटोपून परतीला लागावयाचें, हा जो दोन रात्रींत कोंकण उरकण्याचा परिपाठ पडला आहे, तो आम्हांस मुळींच आवडत नाहीं. रात्रभर न झोंपलेलें, घाटांत ओकलेलें मूल समुद्राखालीं नेणें धोक्याचें तर आहेच. पण तें तेथें पाहणार काय? एक मुक्काम वाढवावा. पहिला दिवस किल्ल्याला द्यावा.

ज्यांस अद्याप पोहतां येत नाहीं त्यांनीं मालवणास जाऊंच नये काय, असें विद्यार्थिमित्र विचारतील. जावें कीं! त्यांच्यासाठीं समुद्र दिवसांतून दोनदां आपण होऊन मागें सरतो. ओहोटीच्या वेळीं किनाऱ्याच्या खडकांत पाण्याचीं डबकीं उरतात आणि त्यांत खेंकडे, शंख घेऊन फिरणारे जीव, फुलासारखे उमलून बोट लागतांच मिटणारे समुद्रफुलांचे प्राणी, बोटाएवढे मासे, असें कितीतरी गुडघाभरहि पाण्यांत न शिरतां दिसतें. खडक निसरडे असतात, तेव्हां पायांत पक्के जोडे हवेत, आणि भरती लागण्यापूर्वीं परत फिरावें. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास पाणी सर्वांत दूर जातें; म्हणून सुट्टीचा दिवस ठरवितांना घरांतील आजीला पंचांग काढावयास सांगावें, आणि ओहोटीची नेमकी वेळ तेथील गाबीत बांधवांस विचारावी. त्यांना ती घड्याळ न पाहतां सांगतां येते.